‘कठीण’ श्रेणीतले दोन ट्रेक

ज्या संस्थेबरोबर मी राजगड–तोरणा आणि मदनगड हे दोन्ही ट्रेक केले, तिने दोहोंना ‘कठीण’ ही एकच श्रेणी दिली होती, जी मला दिशाभूल करणारी वाटते. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत डोंगरधारेने जाणारी वाट लांब आणि बहुतांश उघडी असल्याने तिथे दम व पाणी पुरवावे लागते; हातांचा आधार घेऊन चढण्याची वेळ क्वचितच येते. मदनगडावर मात्र इंग्रजांनी सुरुंगाने उडवलेल्या पायऱ्यांच्या जागी सरळ कातळ उरला आहे, म्हणून तिथे दोर, हार्नेस (दोराला अडकवण्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा) आणि खाली न पाहण्याची सवय लागते. दोर लावणारे वाटाडे निष्णात होते. माहितीपत्रक लिहिणारा बहुधा पायथ्याशीच थांबला असावा.