भाड्याचं ऑक्सिजन मशीन (मिनिटाला 5 लिटरवालं), सात महिने वापरून

मशीनला 5 पैकी 4, भाड्याने देणाऱ्याला 2. दुकानाचं नाव घेत नाही, अजून त्यांच्याशीच काम आहे.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. आईला अँटीसिंथेटेज सिंड्रोम आहे, नाव सांगितलं की शेजारी "कितें गे तें?" म्हणतात, तर थोडक्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर, सांध्यांवर आणि फुप्फुसांवर उठते. बोटांच्या कडा भेगाळल्या तेव्हा आम्ही भांड्यांच्या साबणाला शिव्या घातल्या, दम लागायला लागला तेव्हा वय झालं म्हटलं, खोकल्याला न्यूमोनिया समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, आणि मग कुठे सीटीत आयएलडी (फुप्फुसांना सूज येऊन ती घट्ट होत जाणं) दिसलं आणि रक्तात अँटी-जो-वन (या आजारात सापडणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आलं. त्या भेगांना 'मेकॅनिक हँड्स' म्हणतात आणि त्या या आजाराचीच खूण असतात, हे तेव्हा कळलं. आता स्टिरॉइड आणि मायकोफिनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे, पण न्हाणीपर्यंत गेली तरी रक्तातला ऑक्सिजन 84 टक्क्यांवर यायचा म्हणून डॉक्टरांनी घरी मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन लावायला सांगितलं.

आधी सिलिंडर आणला होता. छोट्या बी टाइपमध्ये साधारण 1500 लिटर मावतो, म्हणजे 2 लिटरने बारा तास, की परत भरायला पळा. मशीनला ती कटकट नाही, ते खोलीतलीच हवा घेतं, आत झिओलाईट असतं त्यात नायट्रोजन अडकतो आणि 90 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन नळीतून येतो. आवाज म्हणाल तर जुन्या फ्रीजसारखा घुर्र आणि मध्ये मध्ये फुस्स, पहिले चार दिवस कुणालाच झोप नव्हती, आता सवय झाली. 7 मीटरची नळी घेतली त्यामुळे आई बाल्कनीपर्यंत येते आणि पोदेराशी (पाववाल्याशी) बोलते, हे सगळ्यात भारी. स्वयंपाकघरात मात्र गॅसजवळ नळी नको, आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) समई, अगरबत्ती सगळं दुसऱ्या खोलीत ठेवलं, आई जरा रुसली पण ऑक्सिजनजवळ आग म्हणजे खेळ नाही.

आता तक्रार. पहिलं मशीन दिलं ते नुसतं बाहेरून पुसलेलं. पिवळा दिवा लागायचा, फोन केला तर "सर फिल्टर धुवा". फिल्टर धुतला, तरी तेच. चौथ्या फोनला माणूस आला, मीटर लावून बघितलं तर ऑक्सिजन 78 टक्के, आणि तासांचा काटा (मशीन किती तास चाललं ते दाखवणारा) बघितला तर मशीन चिक्कार वापरलेलं! म्हणून घेतानाच काटा बघा आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या फ्लोवर प्युरिटी समोर मोजून मागा, लाज बाळगू नका, महिन्याला 5 हजार देतोय आपण. बदली मशीन चांगलं निघालं, 4 स्टार त्याचेच.

अजून एक, या आजारात रेनॉड असू शकतो, म्हणजे थंडीत बोटं पांढरी निळी पडतात, मग ऑक्सिमीटर भलतेच आकडे दाखवतो नाहीतर दाखवतच नाही. एका पहाटे 71 दिसलं आणि आम्ही गाडी काढली होती बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जायला, तेवढ्यात आईचे हात चोळून गरम केले तर 93. आता आधी हात गरम, मग आकडा. पण आकडा बघून फ्लो आपल्या मनाने वाढवायचा नाही, ते डॉक्टरांना विचारूनच.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही. मशीन साडेतीनशे वॉट खातं, आमचा जुना इन्व्हर्टर जेमतेम अडीच तास ओढतो, त्यामुळे तो बी सिलिंडर भरून कोपऱ्यात ठेवलाच आहे. दुकानदार म्हणाला होता बॅकअप आम्ही देतो, जूनमध्ये रात्री लाइट गेली तेव्हा त्याचा फोन स्विच ऑफ.

ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको. आमच्या बाटलीचं झाकण परवापासून गळतंय, सोमवारी माणूस पाठवतो म्हणालेत, आज बुधवार.