अकरा महिने रोडस्टर: इंजिनाला दहापैकी दहा, निचऱ्याच्या नळ्यांना शून्य

ताकद, टॉर्क, शून्य ते शंभर हे सगळं तुम्हाला पाठ असेल, त्यात वेळ घालवत नाही. माझी रोडस्टर म्हणजे दोन सीटांची, उघडणाऱ्या कापडी छपराची गाडी. हे छप्पर, म्हणजे टप, उघडल्यावर सहा सिलिंडरचा आवाज जसा कानावर येतो तसा बंद गाडीत येत नाही, एवढंच म्हणतो. मला बोलायचंय ते बोटाएवढ्या दोन नळ्यांबद्दल.

नवव्या महिन्यात, दोन रात्री पाऊस पडून गेल्यावर, सकाळी गाडी उघडेचना. रिमोट मुका. किल्लीने दार उघडलं, पण चौकट नसलेल्या दाराची काच एरवी किंचित खाली सरकते, ती सरकलीच नाही, रबर घासत बाहेर आली. आत पाय ठेवला तर कार्पेट पचपचीत ओलं. टपाला आतून हात लावला, ठणठणीत कोरडा!

गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. निदान आलं: अख्खा टप बदला. कापड कोरडं, शिलाई शाबूत, मग टप कशासाठी? तीन दिवस विचारत होतो, कोणी धड उत्तर दिलं नाही. सरळ नकार दिला आणि गाडी बाहेरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने सीटमागच्या पन्हळीत मगभर पाणी ओतलं. पाणी तसंच उभं राहिलं.

कापडी टपावरचं पाणी या पन्हळीत उतरतं आणि नळ्यांवाटे गाडीखाली जातं. पानांचा कुजका गाळ नळीत बसला की ते आत वळतं. माझ्या गाडीत लॉकचं मॉड्यूल, म्हणजे लॉक चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, नेमकं सीटखाली, सगळ्यात खोल जागी आहे. ते गेलं. टप वाचला, पण मॉड्यूलचा खर्च अजून खुपतो, कारण गाळ काढायला लागली फक्त नायलॉनची जाड दोरी. जोराची हवा मारू नका, आतला जोड निसटू शकतो. आणि कार्पेट वरून वाळलं म्हणून फसू नका. खालचा फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो, तो बाहेर काढूनच वाळवावा लागतो.

तेव्हा चिडून ठरवलं होतं, पुढची गाडी धातूच्या घडीच्या छपराची. १९९६च्या मर्सिडीज एसएलकेने ती पद्धत लोकप्रिय केली होती. पण चौकशी केल्यावर मत बदललं. निचऱ्याच्या नळ्या तिथेही असतात, वर वजन वाढतं आणि छप्पर उघडलं की डिकीतली जागा जाते. बीएमडब्ल्यूने २००९च्या झेड४ला धातूचं छप्पर दिलं आणि २०१८मध्ये परत कापड आणलं. मर्सिडीजची एसएलही २०२१मध्ये कापडावर परतली. माझदाच्या एमएक्स-५चं तर १९८९पासून कापडावर छान चाललंय. वळणावर गाडी जितकी हलकी तितकी गोड, आणि तो हलकेपणा मला सोडायचा नाही.

राग आहे तो एवढाच, की इतक्या महागड्या गाडीच्या सर्व्हिसच्या यादीत या नळ्यांची साफसफाई नाही. डिलिव्हरीच्या वेळीही कोणी सांगितलं नाही.

आता दर महिन्याला दोन्ही बाजूंना अर्धा मग पाणी ओततो आणि वाकून चाकामागे बघतो. परवा डावीकडून धार लगेच आली, उजवीकडून जरा रेंगाळत. रविवारी तिथे परत दोरी घालणार आहे.