कोणती मिस मार्पल? जुनी की नवी?

परवा मामेबहिणीचा फोन आला. "मिस मार्पल बघायला घेतेय रे, पण कुठली बघू? यादीत दोन-तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या दिसतायत." मी तेव्हा कुकर लावत होतो, म्हटलं, नंतर सांगतो. मग लक्षात आलं की नंतर सांगायचं म्हणजे तासभर बोलावं लागेल. त्यापेक्षा लिहूनच काढतो. मिस मार्पल म्हणजे अगाथा ख्रिस्तीबाईंच्या रहस्यकथांतली, खेड्यात राहून खून सोडवणारी अविवाहित म्हातारी.

मार्गारेट रुदरफोर्ड या नटीचे साठच्या दशकातले मिस मार्पलचे चित्रपट सुरुवातीलाच बाजूला ठेवू. ते धमाल आहेत, पण त्यातली बाई मिस मार्पल नाही. नाव तेवढं तेच. एक गंमत मात्र आहे. त्यातल्या १९६१च्या पहिल्या चित्रपटात एका छोट्या भूमिकेत जोन हिक्सन दिसते आणि पुढे तेवीस वर्षांनी बीबीसीने तिलाच मिस मार्पल केलं.

म्हणजे खरी निवड दोनांत आहे. एक बीबीसीची हिक्सन. १९८४ ते १९९२ या काळात ख्रिस्तीबाईंच्या मार्पलच्या बाराच्या बारा कादंबऱ्या तिने केल्या. दुसरी आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीची मालिका, २००४ ते २०१३, एकूण तेवीस भाग. त्यात आधी जेराल्डिन मॅक्यूअन आणि तिच्यानंतर ज्युलिया मॅकेन्झी. दोन्ही मालिका मी पूर्ण पाहिल्यात, काही भाग दोनदा. आमच्या घरात यावर मतभेद आहेत. बायको नवीच्या बाजूची आहे, तेव्हा तिचं म्हणणं आधी मांडतो, नाहीतर हे वाचून मला बोलणी बसतील.

नवीचे भाग साधारण दीड तासाचे. जेवणं आटपून नऊला बसलात तर साडेदहाला खुनी सापडतो आणि माणूस निवांत झोपतो. रंग, कपडे, टोप्या, मोटारी, सगळं कसं दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखं. प्रत्येक भागात पाच-सहा ओळखीचे चेहरे. 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये झोई वॉनमेकर आहे, कॅथरीन टेट आहे. 'मर्डर इज ईझी'मध्ये तर बेनेडिक्ट कंबरबॅच आहे, शेरलॉक म्हणून गाजायच्या आधीचा. मॅक्यूअनचे डोळे मिश्कील. समोरचा थापा मारत असेल तर ती नुसती गालात हसते आणि बघणाऱ्याला कळतं की गाठ पडली.

जुनी मात्र सावकाश. 'द बॉडी इन द लायब्ररी' तीन भागांत आहे, एकेक भाग पाऊण-एक तासाचा. माणसं चहा पितात, बागेत जातात, परत येऊन चहा पितात. हिक्सन हळू आवाजात बोलते. सबटायटल लावल्याशिवाय आमचं अर्धं डोक्यावरून गेलं असतं. पहिल्या रात्री बायको पडद्याकडे बघून म्हणाली, "अगं बाई, बोल की काहीतरी!" आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर झोपली. चित्रही जुन्या फिल्मवरचं, मंद उजेडाचं. मोठ्या टीव्हीवर सुरुवातीला जरा मळकट वाटतं.

इथवर पाहता नवीचं पारडं जड आहे आणि मी ते नाकारत नाही.

नवीवर नेहमी होणारी तक्रार अशी की त्यांनी गोष्टी बदलल्या. बदलल्याच आहेत. 'बॉडी इन द लायब्ररी'त शेवटच बदललाय. पुस्तक वाचलेलं असल्यामुळे मी दीड तास सगळं माहीत असल्याच्या थाटात बसलो होतो आणि शेवटी तोंडावर पडलो. बायकोला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा खुनी सापडल्याचाही झाला नसेल. ज्या कादंबऱ्यांत मिस मार्पल नाहीच, त्यांतही तिला नेऊन बसवलंय. 'टुवर्ड्‌स झीरो', 'ऑर्डियल बाय इनोसन्स', 'द पेल हॉर्स', अशा बऱ्याच. अशा भागांत ती बिनआमंत्रणाच्या पाहुण्यासारखी कोपऱ्यात विणत बसते आणि शेवटी उठून निकाल सांगते. पण खरं सांगू, मला याचा फारसा त्रास झाला नाही. पुस्तक कपाटात आहेच. आणि फेरफार जुन्यातही आहेत. इन्स्पेक्टर स्लॅक पुस्तकात नसलेल्या ठिकाणीही तिथे टपकतो, आणि डेव्हिड हॉरोविचने तो इतका मस्त चिडका केलाय की मला तो हवाहवासाच वाटतो.

माझं बिनसलं ते एका फोटोवरून.

नवीच्या पहिल्याच वर्षात 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' आहे. त्यात मिस मार्पलला एक पूर्वायुष्य दिलंय. पहिल्या महायुद्धाचा काळ, तरुण जेन, गणवेशातला एक कॅप्टन. तो विवाहित असतो. तो युद्धावर जातो आणि परत येत नाही. म्हातारी जेन त्याच्या फोटोकडे बघते, डोळे भरून येतात, संगीत सुरू होतं. मग गावातल्या दुसऱ्या एका चोरट्या प्रेमाकडे ती का हळवेपणाने बघते, याचा उलगडा आपल्याला होतो.

प्रसंग चांगला चित्रित केलाय. बायकोला आवडला. मला मात्र तो चपलेत खडा गेल्यासारखा टोचायला लागला आणि पुढचे सगळे भाग टोचतच राहिला.

मिस मार्पलची सगळी गंमतच ही की तिच्या आयुष्यात काही घडलेलं नाही. सेंट मेरी मीडसारख्या खेड्यात ती जन्मभर राहिली. खिडकीतून, बागेतून, पक्षी बघायच्या दुर्बिणीतून तिने माणसं पाहिली, एवढंच. त्यावर ती खून सोडवते. 'बॉडी इन द लायब्ररी' पुस्तकात एवढं मोठं प्रेतप्रकरण झालेलं असताना तिला टॉमी बाँड नावाचा शाळकरी पोरगा आठवतो. नव्या मास्तरीणबाई घड्याळाला चावी द्यायला गेल्या तर आतून बेडूक उडी मारून बाहेर आला, तो त्याचाच उद्योग. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारीला भ्रम झालाय. पण तिच्या डोक्यात धागा जुळलेला असतो. बेडूक ठेवणाऱ्याचं मन आणि खुन्याचं मन, फरक फक्त आकाराचा. असल्या बाईला प्रेम कळतं ते का, तर एकदा तिचंही प्रेम मोडलं होतं, असा खुलासा दिला की सगळं फुकट जातं. मग ती चारचौघींसारखी दुखावलेली बाई होते. नुसतं बघून शहाणं होता येतं, हे बहुधा त्या लेखकांना पटलं नसावं.

मला ते पटतं, कारण आमच्याकडे आत्या होती. वडिलांची थोरली बहीण, अविवाहित. वाईच्या वाड्यात ओट्यावर बसून मूग निवडत सगळी आळी वाचायची. एकदा गणपतीच्या वर्गणीत साठ रुपये कमी भरले. सगळ्यांचा संशय डबा फिरवणाऱ्या पोरावर. आत्या मान वरही न करता म्हणाली, "कमी आहेत हे कळल्यावर ज्याने स्वतःहून तीनदा मोजले, त्याला विचारा." विचारलं. निघाले. आत्या पुढचा मूग निवडायला लागली.

तो फोटोचा प्रसंग संपल्यावर बायको म्हणाली, "पण आत्यांच्या ट्रंकेतही असा एखादा फोटो असता तर?" बायकोने बरोब्बर नेम धरला होता. आत्या गेल्यावर ती ट्रंक मीच उघडली होती. दोन नऊवारी, लोकरीचे गुंडे, सुयांच्या तीन जोड्या, पोस्टाचं पासबुक आणि माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक, जे मी हरवलं म्हणून घरी सांगितलं होतं. फोटो नव्हता. असता तर मला वाईट वाटलं नसतं, पण वर्गणीचा चोर तिने त्या फोटोमुळे पकडला असं मी म्हटलं नसतं.

हिक्सनकडे असलं काही नाही. पहिली गोष्ट प्रसारित झाली तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, शेवटची झाली तेव्हा शहाऐंशीची. चाळीसच्या दशकात तिला रंगमंचावर पाहून खुद्द ख्रिस्तीबाईंनी लिहिलं होतं म्हणे, की तुम्ही कधीतरी माझी मिस मार्पल करावी. तिचं बसणं बघा. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, फिकट निळे डोळे समोरच्यावर. ती हसत नाही, मान डोलावते. समोरचा बोलत जातो आणि बोलण्याच्या भरात एक शब्द जास्तीचा बोलतो. त्या क्षणी तिची पापणी नेहमीपेक्षा किंचित उशिरा मिटते. बस, तेवढंच. तिला पूर्वी काय दुःख झालं होतं, हे विचारायची आपल्याला इच्छाच होत नाही. 'व्हिकरेज' तिचाही आहे, १९८६चा, पाद्री झालाय पॉल एडिंग्टन. तोच खून, तीच शेजारीण, तीच बाग. एका आठवड्यात दोन्ही पाहिलेत तर मी काय म्हणतोय ते चटकन कळेल.

मॅकेन्झीबद्दल दोन शब्द. तिच्या वाट्याला तो कॅप्टन आलेला नाही आणि ती स्वभावाने शांत वाटते. नवी मालिकाच बघायची असेल आणि माझ्यासारखा खडा टोचत असेल, तर थेट तिच्या भागांपासून सुरू केलं तरी चालेल. गोष्टी सुट्या आहेत, काही अडत नाही.

जुनीत मात्र एका ठिकाणी अडतं. 'नेमेसिस' ही कादंबरी 'अ कॅरिबियन मिस्टरी'च्या नंतरची. त्यातला धनाढ्य राफिएल आधीच्या गोष्टीत मिस मार्पलला भेटलेला असतो. पण बीबीसीने 'नेमेसिस' १९८७ला केली आणि 'कॅरिबियन' १९८९ला. मी एका ॲपवर दिसल्या क्रमाने बघत गेलो. त्यांनी तर भाग आणखीनच उलटसुलट लावले होते. परिणामी ज्याच्या मृत्यूची बातमी मी वाचली होती, तो माणूस पुढच्या रविवारी समुद्रकिनारी बसून खेकसत होता, आणि तोही वेगळ्याच नटाच्या चेहऱ्याने. तेव्हा 'कॅरिबियन' आधी, 'नेमेसिस' नंतर.

बहिणीला मी असं सांगणार आहे. रात्री दमून आल्यावर, गप्पा मारत, मधे उठून दूध तापवत बघायचं असेल तर नवी घे, तिच्यात वाईट काही नाही. आठवड्यात एखादी संध्याकाळ रिकामी मिळत असेल आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायची तयारी असेल तर हिक्सन घे. सुरुवात 'बॉडी इन द लायब्ररी'पासून नको, तिथे तुझीही झोप लागेल. १९८५ची 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' लाव. गावच्या पेपरात जाहिरात येते की शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अमुक घरी खून होणार आहे, आणि सगळं गाव नटूनथटून, काहीतरी फुटकळ कारण काढून तिथे हजर होतं. आपल्याकडेही दुसरं काय झालं असतं? सबटायटल लाव, आवाज चार घरं वाढव आणि पहिली वीस मिनिटं काही घडत नाही म्हणून मला फोन करू नकोस.