काळ्या रंगाखालचे फ्रीव्हील आणि माझे १३,८४० रुपये

ट्रायल्स सायकलसाठी, म्हणजे पाय न टेकता दगडांवर-अडथळ्यांवर उड्या मारत चढवायच्या सायकलसाठी, मजबूत फ्रीव्हील (पेडल थांबले तरी चाक फिरू देणारा दातेरी भाग) शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे. संकोच अशासाठी की मी या खेळात नवखा नाही. गेली नऊ वर्षे मी पुण्यात वेताळ टेकडीच्या खाणीजवळच्या दगडांवर सायकल चढवतो आहे, चाके स्वतः बांधतो आहे, आणि कोणता भाग घ्यावा हे आमच्या गटातली नवी मुले मलाच विचारतात. तरीही एका अनोळखी माणसाने मला तीन हप्त्यांत १३,८४० रुपयांना फसवले. त्याने पाठवलेल्या वस्तूमुळे माझा गुडघा फुटला, दाताचा तुकडा उडाला आणि क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, निकामी झाला.

फसवणुकीची सर्वसाधारण पद्धत तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ओळखीच्या लोकांच्या गटात शिरायचे, परदेशातून आणलेला माल दाखवायचा, किंमत थोडीच कमी ठेवायची आणि आणखी दोघे विचारत आहेत असे सांगायचे. ते सगळे माझ्याही बाबतीत जसेच्या तसे घडले, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. मला सांगायचे आहे ते पुढचे: या माणसाने मला रिकाम्या हाताने ठेवले नाही, त्याने वस्तू पाठवली. ती वस्तू मिळाल्यामुळेच पुढे मला कोणीही दाद दिली नाही, आणि आज माझी खात्री आहे की त्याने ती नेमकी त्यासाठीच पाठवली होती.

साध्या सायकलीचे फ्रीव्हील मागच्या चाकावर असते. आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ट्रायल्स सायकलींवर ते पुढे, क्रँकवर बसते, आणि मागचे दातेरी चक्र चाकाला पक्के असते. पुढे १८ दात आणि मागे १५ किंवा त्याहून कमी, अशी जोडी असते. ४४ दातांच्या पुढच्या चक्राची आणि मागे १८ दातांच्या फ्रीव्हीलची साधी सायकल घेतली, तर पायाने दिलेला पीळ फ्रीव्हीलपर्यंत पोहोचेपर्यंत निम्म्याहून कमी होतो. आमच्याकडे तो पूर्णच्या पूर्ण, म्हणजे सुमारे अडीच पट, फ्रीव्हीलला सोसावा लागतो. माझे वजन ६८ किलो आणि क्रँक १७० मिलिमीटरचा. मागचा ब्रेक धरून एका पेडलवर नुसता उभा राहिलो तरी १८ दातांच्या चक्रावर साखळीला सुमारे ३१६ किलोचा ताण बसतो. त्यात उडी मारताना पेडलला दिलेला झटका मिळवला की हा भाग दणकट का लागतो हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट पकडीची. ३६० अंशांच्या एका फेऱ्यात फ्रीव्हील किती ठिकाणी पकड घेते, यावर पेडल किती मोकळे फिरेल हे ठरते. १०८ ठिकाणी पकडणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये माझ्या पेडलला फार तर एक सेंटिमीटर मोकळीक मिळते, ७२ वाल्यात दीड सेंटिमीटर. आणि २० ठिकाणी पकडणाऱ्या साध्या फ्रीव्हीलमध्ये ती पाच सेंटिमीटरांहून अधिक असते. मागच्या चाकावर उभे राहून, ब्रेक सोडता सोडता पेडलला झटका देणाऱ्याला पाच सेंटिमीटरांची पोकळी म्हणजे पायाखालची पायरी नाहीशी होणे होय.

माझे जुने फ्रीव्हील ऑक्टोबरात अधूनमधून घसरू लागले होते. असले भाग आपल्याकडे दुकानात सहसा मिळत नाहीत. बाहेरून मागवायचे तर वस्तूच्या किमतीवर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढते, आणि कधी कधी महिना-दीड महिना वाट पाहावी लागते. म्हणून दिवाळी संपल्यावर, २५ ऑक्टोबरला, आमच्या व्हॉट्सॲप गटात एकाने १०८ पकडींचे, न वापरलेले फ्रीव्हील ११,५०० रुपयांना देऊ केले, तेव्हा मी लगेच हात पुढे केला. तो आपल्या भावाने हे स्पेनहून आणल्याचे सांगत होता, आणि आमच्याच एका जुन्या सदस्याने त्याला गटात घेतले होते. मी डोळे मिटून पैसे पाठवले असे कोणी म्हणू नये. मी त्याच्याशी अर्धा तास फोनवर बोललो, आटे कोणत्या मापाचे आहेत हे विचारले, आणि त्याने ते अचूक सांगितले. मग ५,००० रुपये आगाऊ पाठवले आणि उरलेले ६,५०० फ्रीव्हील फिरतानाची चित्रफीत पाहूनच देईन असे कळवले.

चित्रफीत २७ ऑक्टोबरला रात्री आली. बावीस सेकंदांची होती. निळ्या चादरीवर एक हात फ्रीव्हील धरतो आहे आणि दुसऱ्या हाताचा अंगठा दातेरी कडे उलटे फिरवतो आहे. आवाज येत होता टक, टक, टक. मला तो स्पष्ट ऐकू आला. १०८ पकडींचे फ्रीव्हील तितक्या सावकाश फिरवले तरी भुंग्यासारखी सलग घरघर येते. तीन वर्षे तशाच फ्रीव्हीलवर सायकल चालवलेल्या माझ्या कानांना ती घरघर पाठ आहे. तरी मी काय केले? मोबाइलचा ध्वनिमुद्रक बारीक आवाज गाळत असावा, असे स्वतःला सांगितले. बायकोने शेजारून विचारलेही की हा आवाज तुझ्या सायकलीसारखा का येत नाही. मी तिला तेच उत्तर दिले आणि त्याच मिनिटाला ६,५०० रुपये पाठवले. नंतर ती चित्रफीत मी वेग कमी करून पाहिली आणि एका फेऱ्यात किती खटके पडतात ते मोजले. वीस. ते मोजायला मला चाळीस सेकंद लागले. ही चाळीस सेकंदे मी त्या रात्री दिली असती तर निदान साडेसहा हजार वाचले असते, अंगावर जखमही झाली नसती. बाकी सगळ्या चुकांचे समर्थन मी करू शकतो, या एका चुकीचे करता येत नाही.

३१ ऑक्टोबरला त्याने सीमाशुल्कापोटी २,३४० रुपये मागितले. ज्याच्या घरच्या चादरीवर वस्तू पडलेली मी पाहिली, त्याला सीमाशुल्क कसले लागते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. आधीचे साडेअकरा हजार अडकलेले असताना माणूस असे प्रश्न विचारत नाही, पैसे भरतो. मीही भरले.

पार्सल ६ नोव्हेंबरला आले. मी ते उघडतानाचे चित्रण केले नाही. तुम्ही करा, पाकिटावरच्या क्रमांकापासून वस्तू बाहेर येईपर्यंत, कॅमेरा न थांबवता. फ्रीव्हील काळे, मॅट, सुबक कोरलेल्या नावाचे होते, आणि आत ग्रीस इतके ठासलेले होते की खटक्यांचा आवाजच येत नव्हता. जाड ग्रीसमध्ये आतले खटके, म्हणजे दातांत अडकून पकड घेणारे छोटे तुकडे, चिकटून बसतात आणि वेळेवर उघडत नाहीत, म्हणून या भागात पातळ तेलच घालतात, हे मला माहीत होते. मी मानले की साठवणीसाठी घातले असेल, आणि ते बसवले. आटे थोडे सैल वाटले, पण पेडल मारताना फ्रीव्हील आपोआप घट्ट होत जाते, म्हणून तिकडेही लक्ष दिले नाही.

१६ नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी, कमरेएवढ्या दगडावर उडी घेताना, झटका दिला त्या क्षणी फ्रीव्हीलने पकड सोडली. पेडल सरळ खाली गेले, तोंड हँडलच्या दांड्यावर आपटले आणि गुडघा दगडावर. टाके, क्ष-किरण आणि दाताचे काम मिळून ५,१५० रुपये झाले.

दुसऱ्या दिवशी लंगडत मी पेठेतल्या जुन्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी क्रँक व्हाइसमध्ये धरून, पान्याला हातभर लांब नळी लावून फ्रीव्हील काढले, तर त्याबरोबर क्रँकच्या ॲल्युमिनियमचे आटेही सोलून आले. मग त्यांनी पेट्रोलमध्ये भिजवलेले फडके त्या काळ्या रंगावरून चार वेळा फिरवले. कोरीव वाटलेले नाव फडक्यावर आले आणि खालून चकचकीत मुलामा दिसू लागला. "अरे, हे तर आपलं नेहमीचं फ्रीव्हील आहे, घाऊकमध्ये दोनशेच्या आत येतं," ते म्हणाले. त्यांनी ते उघडले. आत दोनच खटके होते, त्यातला एक कोपऱ्यावर तुटलेला, आणि ग्रीसमध्ये त्याचा तुकडा तांदळाच्या कणीसारखा चमकत होता. साध्या सायकलीचे १८ दातांचे फ्रीव्हील आमच्या क्रँकच्या आट्यांवर चढते, म्हणूनच ही फसवणूक शक्य होते. नवा क्रँक ७,२०० रुपयांना पडला. एकूण २६,१९० रुपये गेले.

आता यंत्रणेविषयी. १९३० या मदतक्रमांकावर मी त्याच दिवशी फोन केला. बोलणाऱ्या बाईंनी नम्रपणे माहिती घेतली, तक्रार क्रमांक दिला, आणि पैसे जाऊन तीन आठवडे झाल्यामुळे ते त्या खात्यात असण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले. इथवर माझी तक्रार नाही. पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत या क्रमांकावर कळवले तरच ते अडवता येण्याची आशा असते, हे लक्षात ठेवा. तक्रार आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याकडे वर्ग झाली. तिथे मी चार वेळा गेलो. पहिल्या वेळी संबंधित अधिकारी बंदोबस्तावर होते, दुसऱ्या वेळी संगणक बंद होता. तिसऱ्या वेळी माझ्या हातातले उघडलेले फ्रीव्हील पाहून मला विचारण्यात आले, "पार्सल मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? माल खराब निघाला, ग्राहक आयोगात जा." मी सांगून पाहिले की खोटे नाव रंगवून दोनशेची वस्तू साडेअकरा हजारांना विकणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे फसवणूकच आहे, आणि यात माणूस जखमी झाला आहे. त्यावर सायकलीचा एक भाग साडेअकरा हजारांचा असतो का, असा उलट प्रश्न आला आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. ते हसू मी विसरलेलो नाही.

ग्राहक आयोगाच्या कार्यालयात सांगितले की तक्रार अवश्य करा, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही, पण विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता हवा. माझ्याकडे होता बंद झालेला फोन क्रमांक, एक यूपीआय आयडी आणि पार्सलवरचा पत्ता, जिथे प्रत्यक्षात पत्र्याचे एक बंद गोदाम निघाले. बँकेला खातेदाराचे नाव-पत्ता मागितला, तर पोलिसांचे पत्र आणा म्हणाले. वर हेही सुनावले की व्यवहार तुम्हीच तुमचा पिन घालून केला आहे, त्यामुळे बँकेचा संबंध येत नाही. पोलिसांकडे पत्र मागितले, तर गुन्हाच नोंदलेला नाही, पत्र कशाच्या आधारावर देणार? पोलीस आयोगाकडे पाठवतात, आयोग पत्ता मागतो, पत्त्यासाठी बँक पोलिसांकडे पाठवते. या तीन दारांच्या फेऱ्यांत माझ्या पाच रजा गेल्या, आणि प्रत्येक दारात मला हेही ऐकावे लागले की इतके शिकलेले असून तुम्ही फसलात कसे.

चौथ्या वेळी मी तोंडी बोलणे सोडले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ठाण्याने नोंद नाकारली तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते आणि तिथेही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मी वैद्यकीय कागद, चित्रफीत, खटक्यांची मोजणी आणि तिन्ही व्यवहारांचे क्रमांक जोडून पोच घेऊन ती पाठवली. हे पहिल्याच दिवशी करा. तोंडी तक्रारीचा कुठेही माग राहत नाही.

फ्रीव्हील घेताना चित्रफीत मागाच, पण एका दातावर खडूची खूण करून एक पूर्ण फेरा सावकाश फिरवायला सांगा आणि खटके मोजा. ७२ किंवा १०८ नुसत्या कानाने मोजता येत नाहीत, म्हणून वेग कमी करून पाहा; नुसत्या कानानेच सहज मोजता आले तर व्यवहार तिथेच थांबवा. आत खटके किती आहेत आणि एका वेळी किती टेकतात हे विचारा. ३६ दातांच्या कड्यात खटक्यांचे गट थोड्या थोड्या फरकाने बसवून ७२ किंवा १०८ पकडी साधता येतात, आणि तसे केल्याने दात बारीक करावे लागत नाहीत. हे ज्याला ठाऊक नाही, तो विकणारा नव्हे. नवे म्हणून आलेले फ्रीव्हील ग्रीसने भरलेले असेल तर धुऊन, पातळ तेल घालून मगच बसवा. बसवण्याआधी काळ्या रंगावर पेट्रोलचे फडके जरूर फिरवा, कारण क्रँकवर एकदा आवळलेला माल कोणीही परत घेत नाही. आणि उरलेले पैसे देण्याची घाई होत असेल, तर फोन शेजारच्याच्या हातात द्या.

मी आता कॅलिफोर्नियात बनणारे व्हाइट इंडस्ट्रीजचे ७२ पकडींचे ईनो फ्रीव्हील घेतले आहे. ते परदेशातल्या दुकानातून थेट, पावतीसह मागवले आणि सीमाशुल्क टपालाच्या अधिकृत पावतीवर भरले. तो उघडलेला दोनशेचा भाग, तुटलेल्या खटक्याची कणी आणि काळा पडलेला फडका मी झिपच्या पिशवीत तक्रार क्रमांकाची चिठ्ठी घालून ठेवला आहे. वरिष्ठांकडून परवा फोन आला होता की मूळ वस्तू जपून ठेवा, जबाबासाठी बोलावले जाईल.