इंग्लिश प्रेझेंटेशन: पाठ करून बोलायचं का नुसत्या मुद्द्यांवर?

मराठी मीडियमवाल्याला क्लायंटसमोर पहिल्यांदा इंग्लिशमधून बोलायची वेळ आली की डोक्यात एकच येतं, सगळं लिहून काढू आणि पाठ करून टाकू. मी पण तेच केलेलं. तेव्हा चाकणला होतो, जर्मन क्लायंटची पर्चेसची माणसं येणार होती, 14 स्लाइड, प्रत्येकीचं भाषण वहीत लिहिलेलं, बायकोला दोनदा म्हणून दाखवलेलं. तिसऱ्या स्लाइडलाच त्यातल्या एकाने विचारलं, टूलिंगचा, म्हणजे साचे-डाय वगैरेचा, खर्च कोणाकडे? उत्तर होतं माझ्याकडे, पण अकराव्या स्लाइडवर. मी म्हटलं 'आय विल कम टू दॅट' आणि मग आपण कुठे होतो तेच आठवेना. शाळेतल्या कवितेचं होतं ना तसं, मधली ओळ गेली की पहिल्यापासून म्हणावं लागतं, आणि इथे तर ती पण सोय नाही.

आता मागे वळून बघितलं तर त्यात दोन वेगळ्या चुका होत्या, एक पाठांतराची आणि दुसरी क्रमाची. लोक दोन्ही एकत्रच ठरवतात म्हणून घोळ होतो.

आधी पाठांतर. ते अगदीच टाकाऊ नाहीये हं. जिथे मध्ये कोणी विचारणार नाही, वेळ घट्ट बांधलेली आहे, तिथे पाठच करा. रेकॉर्डेड व्हिडिओ, स्पर्धेतला पिच, किंवा ते पेचा कुचा, ज्यात 20 स्लाइड प्रत्येकी 20 सेकंद आपोआप पुढे सरकतात, म्हणजे सगळं मिळून 6 मिनिटं 40 सेकंद. तिथे मुद्द्यांवर बोलायला गेलात तर स्लाइड तुमच्या पुढे निघून जाते. पण मीटिंगरूममध्ये पाठांतर उलटतं. एक तर आपण लिहिताना पेपरातल्यासारखं जड इंग्लिश लिहितो आणि ते तोंडात बसत नाही, दुसरं म्हणजे पाठ असलेलं माणूस भरभर म्हणतो, श्वास घ्यायला पण थांबत नाही, आणि समोरच्याला आपला अ‍ॅक्सेंट आधीच नवीन असतो.

मुद्द्यांवर बोलायचे फायदे सगळे यूट्यूबवाले सांगतात, तोटे कोणी सांगत नाही. पहिल्या मिनिटाला तोंड कोरडं पडतं आणि 'बेसिकली', 'अ‍ॅक्च्युअली' यांच्यावरच गाडी चालते. आणि घाईत आपलं देशी इंग्लिश बाहेर येतं, 'डिस्कस अबाउट', 'प्रीपोन', 'विल रिव्हर्ट'. पुण्यात हे चालतं, पण बाहेरच्या माणसाला रिव्हर्ट म्हणजे जुन्या स्थितीला परत जाणं वाटतं, उत्तर देणं नाही.

मला विचाराल तर पाठ करायची फक्त तीन ठिकाणं: सुरुवातीची तीन-चार वाक्यं, प्रत्येक स्लाइडचं पहिलं वाक्य, आणि अगदी शेवटचं वाक्य ज्यात त्यांच्याकडून काय हवंय ते सांगायचं. बाकीचं कार्डावर दोन-दोन शब्दांत. आकडे मात्र मोठ्याने म्हणून बघा, कारण थर्टीन आणि थर्टी आपल्या तोंडी सेमच ऐकू येतं आणि भावाच्या चर्चेत तेरा टक्के आणि तीस टक्के यात काय फरक आहे ते सांगायला नको. सरळ 'वन थ्री, थर्टीन' म्हणायचं. लाख-कोटी पण बाहेर चालत नाही, 1 कोटी म्हणजे 10 मिलियन हे स्टेजवर उभं राहून कन्व्हर्ट करायला जाऊ नका, स्लाइडवरच करून ठेवा.

आता क्रम. कॉलेजच्या सेमिनारमुळे आपल्याला सवय असते आधी कंपनी प्रोफाइल, मग फॅक्टरीचे फोटो, मग प्रोसेस, आणि निष्कर्ष शेवटी थँक्यूच्या आधी. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत असलेल्या बार्बरा मिंटो यांची पिरॅमिड पद्धत याच्या बरोब्बर उलटी, उत्तर आधी, त्याखाली दोन-तीन कारणं, त्याखाली पुरावे. समोर मोठी माणसं असतील तर डोळे झाकून हीच घ्या, कारण ती कधीही फोन घ्यायला उठून जातात, पण निदान मुद्दा तरी ऐकून जातात. फक्त भाववाढ मागायची असेल किंवा वाईट बातमी असेल तर मी उत्तर पहिल्या वाक्यात टाकत नाही. आकडा ऐकला की पुढचं कोणी ऐकतच नाही, सगळे मनात वाद घालायला लागतात. आधी स्टीलचे भाव कुठून कुठे गेले ते दाखवायचं जे त्यांना पण माहितीये, मग आकडा. पण ही प्रस्तावना दोन मिनिटांची, वीस मिनिटांची नव्हे!

ज्यांचं लिखाण बोलण्यापेक्षा बरं आहे त्यांना तिसराच रस्ता मोहात पाडतो. अ‍ॅमेझॉनमध्ये संस्थापक जेफ बेझोसने 2004 मध्ये वरच्या टीमच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट बंद केलं, सहा पानांची नोट आणायची आणि सगळ्यांनी आधी गप्प बसून ती वाचायची. छान आहे, पण तिथे मालकानेच सांगितलं म्हणून लोक वाचतात, सप्लायरची सहा पानं कोण वाचणार? आदल्या दिवशी दोन पानं मेल करा, बास.

स्लाइडचं म्हणाल तर गाय कावासाकी या अमेरिकन गुंतवणूकदाराचा 10-20-30 नियम, म्हणजे 10 स्लाइड, 20 मिनिटं, 30 पॉइंटचा फॉन्ट, हा स्टार्टअपवाल्यांनी गुंतवणूकदारांसमोर जायचं त्यासाठीचा आहे. आपण त्यातला फॉन्ट तेवढा घ्यावा. 'कमी शब्द, फक्त चित्रं' हा सल्ला मात्र मला पटत नाही, निदान आपल्यासाठी नाही. इंग्लिश आपली पण दुसरी भाषा आणि त्या जर्मनाची पण, ऐकताना एखादा शब्द निसटला तर त्याला वर बघून सापडायला हवा. म्हणून हेडिंग पूर्ण वाक्याचं ठेवा, नुसतं 'कॉस्ट अ‍ॅनालिसिस' नको, 'न्यू टूल कट्स स्क्रॅप बाय हाफ' असं. खाली परिच्छेद मात्र नको, तो तुम्ही वाचून दाखवायच्या आत त्यांचा वाचून झालेला असतो.

पुढच्या खेपेला मी प्रत्येक स्लाइडचा नंबर एका कागदावर उतरवून जवळ ठेवला. परत टूलिंगचा प्रश्न दुसऱ्याच स्लाइडला आला, मी 9 दाबून एंटर मारला, पॉवरपॉइंट थेट नवव्या स्लाइडवर गेलं, उत्तर दिलं, मग 2 दाबून परत आलो.