‘रीजंट’ला राजप्रतिनिधी म्हणणारे मोबाइल शब्दकोश

मोबाइलवरच्या फुकट इंग्रजी-मराठी कोशांत ‘रीजंट’ शोधला की बहुधा ‘राजप्रतिनिधी’ हाती येतो. मग ‘व्हाइसरॉय’ घालून बघा. तिथंही राजप्रतिनिधीच! व्हाइसरॉय नेमतात तेव्हा राजा धडधाकट असतो, फक्त लांब असतो. रीजंट लागतो तो राजा अल्पवयीन, आजारी किंवा परदेशात असेल तेव्हा. गादी राजाची, कारभार रीजंटचा.

कोल्हापूरचा इतिहास इंग्रजीतून वाचताना हा घोटाळा चांगलाच नडतो. चौथ्या शिवाजी महाराजांच्या वेळी कागलचे आबासाहेब घाटगे रीजंट होते. १७ मार्च १८८४ला त्यांचेच चिरंजीव यशवंतराव दत्तक जाऊन शाहू महाराज झाले, तरी रीजंट आबासाहेबच. म्हणजे मुलगा गादीवर आणि जन्मदाते वडील कारभारावर! १८८६मध्ये ते वारले. महाराजांच्या हाती अधिकार आले २ एप्रिल १८९४ला. आबासाहेबांना नुसतं राजप्रतिनिधी म्हटलं तर वाचणारा त्यांना लंडनच्या राणीचा माणूस समजेल. शिवाय मराठेशाहीत ‘प्रतिनिधी’ हे वेगळंच पद होतं. राजाराम महाराजांनी जिंजीत ते प्रल्हाद निराजींना दिलं. औंधचे पंतप्रतिनिधी त्याच पदाचे.

‘क्वीन’च्या जोड्यांत तर हे कोश पार गळपटतात. ‘क्वीन रेग्नंट’ म्हणजे स्वतःच्या हक्कानं राज्य करणारी, जशी दुसरी एलिझाबेथ. ‘क्वीन कॉन्सॉर्ट’ ही राजाची पत्नी. १७००नंतर मुलाच्या, दुसऱ्या शिवाजीच्या नावानं राज्य चालवणाऱ्या ताराराणी ‘क्वीन रीजंट’. तिघींना ‘राणी’ म्हणून मोकळं होणारा कोश काय कामाचा?

उच्चार ऐकायला मात्र बरे आहेत: री-जंट, रेग्नंट. स्पेलिंग जवळचं असल्यानं ही गल्लत नेहमी होते.

अर्थासाठी इंग्रजी-इंग्रजी नोंदच उघडा आणि वाक्यात गादीवर कोण आहे, तो स्वतः कारभार का बघत नाही, एवढं शोधा. ‘प्रिन्स रीजंट’मध्ये विशेषण नामानंतर येतं. ‘रीजन्सी’चं पहिलं अक्षर मोठं असेल तर बहुतेक वेळा इंग्लंडचा १८११ ते १८२०चा काळ समजावा. अमेरिकी विद्यापीठाच्या बातमीत रीजंट दिसला तर राजघराणं शोधत बसू नका, तो नियामक मंडळाचा सदस्य असतो. मराठीत लिहिताना ‘रीजंट’च ठेवावं आणि पहिल्यांदा येईल तिथं ‘राजाच्या नावानं कारभार पाहणारे’ असं जोडावं.

पाचपैकी दोन तारे, तेही उच्चारापुरते.