५६००जी साठी ए५२० की बी५५०?

रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर घेणारा ग्राहक बहुधा ए५२० आणि बी५५० या दोन चिपसेटच्या (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपच्या) मदरबोर्डांपाशी अडतो. बी५५० ची मोठी ओळख म्हणजे पीसीआयई ४.० (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी यांना जोडणाऱ्या मार्गाची अधिक वेगवान आवृत्ती); परंतु ५६००जी स्वतःच पीसीआयई ३.० पर्यंत थांबत असल्याने, ग्राफिक्स कार्डाच्या आणि प्रोसेसरला थेट जोडलेल्या एम.२ (एसएसडीच्या) स्लॉटच्या बाबतीत त्या वेगाचा येथे काहीच उपयोग होत नाही. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता, येत नाही, हे खरे. मात्र घरगुती वापरात ती उणीव जाणवत नाही.

खरा फरक रॅमचा आहे. ५६००जी मधील अंगभूत ग्राफिक्स रॅमवरच चालते आणि दोन पट्ट्या एकत्र लावल्या की रॅमचा वेग वाढतो, म्हणून १६ जीबीची एकच पट्टी न लावता ८ जीबीच्या दोन लावाव्यात. स्वस्त ए५२० बोर्डावर बहुधा दोनच स्लॉट असल्याने पुढे रॅम वाढवताना जुन्या पट्ट्या काढाव्या लागतात. बी५५० च्या अनेक बोर्डांवर चार स्लॉट मिळतात. तरीही माझा कौल ए५२० लाच आहे. वाचलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर खर्च करावेत. पुढे पीसीआयई ४.० वापरू शकणारा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर घेण्याचा बेत असेल, तरच बी५५० घ्यावा.